मिटून बसलेलं प्रवाळ

आमच्या समोरच्या खोलीत, नवरात्रात ज्या भिंतीशी कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्या मांडत असू त्या भिंतीशी, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. टाकी माझ्या बायकोची. तिने ती आणली त्या वर्षी बाहुल्यांना दुसऱ्या भिंतीकडे जावं लागलं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, ओरत्तनाडूहून कोलू बघायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "देव सरकवले आणि मासे बसवले. चोखट केलंत."

"मासे निमित्ताला, अक्का," बायको म्हणाली. "बघायचं ते हे."

तिने बोट दाखवलं तिथे एका दगडावर नखाएवढा, रबरासारखा, मळकट पिवळा तुकडा दोऱ्याने बांधलेला होता. अक्काने चष्मा वर-खाली करून पाहिला. "हे झाड?"

"झाड नव्हे. प्राणी आहे."

"हलत नाही, बोलत नाही, पानं नाहीत, आणि प्राणी?" अक्का माझ्याकडे वळली. "तंबी, तुला पटतं हे?"

मला तेव्हा खरं तर पटलं नव्हतं. मी इतिहासाचा मास्तर. जुनी कागदपत्रं भिंगाखाली धरून वाचायची आणि जेवायला हाक आली की उठायचं, एवढंच मला येत होतं. बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तंजावरात समुद्र नाही. आमच्याकडे कालवे आहेत, भातखाचरं आहेत, गोडं पाणी आहे. हिने कावेरीच्या मुलखात खारं पाणी आणून ठेवलं, याचंच मला नवल वाटायचं.

तो नखाएवढा तुकडा वाढला. आधी बटणाएवढा, मग कॉफीच्या डवरा-वाटीएवढा, आणि पुढे काही वर्षांत न्याहारीच्या बशीएवढा. खाली जाड देठ आणि वर पसरट, कडेला मुरडलेली टोपी, म्हणजे पावसात उगवणाऱ्या अळंबीसारखं रूप. दुकानदार त्याला लेदर कोरल म्हणतात, कारण मिटलेलं असताना ते चामड्यासारखं दिसतं. उघडलं की त्या टोपीभर बारीक बारीक फुलं उभी राहतात आणि पाण्याच्या झोताबरोबर सगळी एकदम डोलतात. बायको सांगायची की त्यातलं एकेक फूल म्हणजे एकेक तोंड. त्यांना डोळे नाहीत, काळीज नाही, मेंदू नाही. मांसात सूक्ष्म शेवाळ राहायला असतं, ते उजेडावर अन्न करतं आणि घरमालकाला त्यातला वाटा देतं. मी ऐकत असे. ती गेल्यावर हे सगळं मला पुन्हा, एकट्याने, पुस्तकांतून वाचावं लागलं, आणि वाचताना ती किती सोपं करून सांगायची हे कळत गेलं.

ती गेली चैत्रात, कॉलेजातून येऊन चप्पल काढता काढता. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. मुलगी बंगळुरूहून आली, कार्यं झाली, ती परत गेली. अक्का राहिली. "ओरत्तनाडूत माझ्यावाचून कुणाचं अडतंय?" एवढंच ती म्हणाली. ती स्वयंपाक करायची, मी टाकी सांभाळायचो. कशी सांभाळायची ते मला बायकोच्या हाताखाली पाहून पाहून थोडं येत होतं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून रोज सकाळी मागच्या कप्प्यात खुणेपर्यंत साधं, गाळलेलं, आरओचं पाणी घालायचं. ते काम अक्काने स्वतःहून मागून घेतलं. "मला एवढं तरी दे. दिवसभर तुझं तोंड बघत बसू का?" मी कॅन दाखवला, खूण दाखवली, आणि त्या कामाकडे पुन्हा पाहिलं नाही.

कालव्यांना पाणी सुटलं त्या सुमारास प्रवाळ मिटलं.

पहिल्यांदा मी घाबरलो नाही. लेदर कोरल मधूनमधून मिटतं. अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं, मरगळून बसतं, आणि मग तो पापुद्रा सोडून धुतल्यासारखं स्वच्छ होऊन उघडतं. अशा वेळी त्याला हात लावायचा नाही, हे बायकोने मला शिकवलं होतं. "कात टाकतंय. बघू नकोस त्याच्याकडे, लाजतं," असं ती म्हणायची. म्हणून मी वाट पाहिली. सकाळी उठून आधी टाकीकडे जायचो, कॉफी नंतर. टोपी वाळक्या चामड्यासारखी, एकही फूल बाहेर नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. पापुद्रा धरला होता, पण सुटत नव्हता. मग कडेला एक तपकिरी डाग दिसला. तो पसरायला लागला तेव्हा मला कळलं की ही कात नव्हे.

या घरात तिच्या हातची लोणची होती, साड्या होत्या, वह्या-पुस्तकं होती. पण तिच्या हाताने वाढलेलं आणि अजून वाढत असलेलं असं हेच एक होतं. ते माझ्यासमोर, माझ्या राखणीत मरू द्यायचं नव्हतं. बाकी मला कशाचीच घाई नव्हती.

तिला सामान पुरवणारा दुकानदार त्रिचीत आहे. त्याला फोन केला.

"सार, लाइट वाढवा," तो म्हणाला.

"तुम्ही अजून पाहिलंही नाही."

"न पाहता सांगतो. दहातल्या नऊ टाक्यांना लाइट कमी असतो."

"आणि दहावीला?"

"दहावीला जास्त असतो, सार." मग म्हणाला, "मॅडम असत्या तर मीच त्यांना विचारलं असतं. त्यांची टाकी म्हणजे आमचं कॉलेज होतं."

मी दिवा बदलला नाही. मास्तर माणूस, आधी वाचायला बसलो. वाचलं ते एकेक करून तपासलं. मीठ बरोबर होतं. उष्णता बरोबर होती. आमच्या उन्हाळ्यासाठी तिने पाणी थंड ठेवणारं यंत्र बसवलं होतं आणि वीज गेली की ते इन्व्हर्टरवर चालायचं. चुन्याचं प्रमाण बरोबर. पापुद्रा सुटावा म्हणून पंपाचं तोंड फिरवून झोत त्याच्या अंगावर आणला, तरी सुटला नाही. डाग वाढत होता आणि टाकीला कुजका वास येऊ लागला होता. शेवटी हातमोजे घालून, नव्या ब्लेडने, मी ती सडकी कड कापली. कापताना थोडा चांगला भागही आला. तो टाकून देववेना. मागच्या बाजूला, दगडाच्या कपारीत, खड्यांमध्ये तो ठेवून दिला.

अक्का दारात उभी राहून बघत होती. "झाडाची फांदी छाटतात तसं," ती म्हणाली. "फुटेल परत."

"झाड नव्हे अक्का."

"बरं बाबा, प्राणी. प्राण्याला कुणी असं कापतं का?"

मी ब्लेड पुसून ठेवलं. कापलेली कड पुन्हा तपकिरी झाली.

एके सकाळी मी खुर्ची टाकीसमोर ओढून नुसता बसलो. मासे छान होते. केशरी-पांढरी जोडी नेहमीसारखी भांडत होती, खायला घातलं की वर झेप घेत होती. पण काचेवर फिरणाऱ्या गोगलगायी दिसेनात. वाळूत शोधलं तर रिकामे शंख. एक तांबडी-पांढरी कोळंबी होती, दगडाखालून मिशा हलवायची, तीही नव्हती. आणि मूठ उघड-मिट करणारं एक मऊ प्रवाळ कोपऱ्यात होतं, ते विरघळल्यासारखं कधीच गेलं होतं; मी त्याला वाईट नशीब समजलो होतो. मी कागद घेतला नाही, मनातच दोन रांगा लावल्या. एका रांगेत मासे. दुसऱ्या रांगेत गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ. ज्यांना पाठीचा कणा होता ते मजेत होते. कणा नसलेलं सगळं मरत होतं.

एवढं कळल्यावर पुस्तकात शोधणं सोपं झालं. माशांना सोसतं आणि बिनकण्याच्यांना मारतं असं जे पाण्यात असू शकतं, त्यात पहिलं नाव तांब्याचं होतं. माशांच्या आजारावर औषध म्हणूनच देतात ते.

त्रिचीच्या दुकानदाराने तपासायची बाटली बसच्या पार्सलने पाठवली. टाकीचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले. जे पाणी पांढरंच राहायला हवं होतं त्यात निळसर झाक आली. अगदी फिकी, धुतलेल्या शर्टाला नीळ लावतात तेवढी. मी नळी खिडकीशी नेली, परत आणली, पुन्हा नेली. झाक होतीच.

आता तांबं आलं कुठून? हीटर काढून पाहिला, काच शाबूत. पंप उघडला, सगळं प्लास्टिक. मग वाटलं, कार्याच्या दहा दिवसांत येऊन गेलेल्या माणसांपैकी कुणी नाणं टाकलं असेल. आमच्याकडची माणसं नदी दिसली की टाकतात, देवळातलं कुंड दिसलं की टाकतात, ही टाकी तर दिवा लावलेली, फुलं डोलणारी. बाही वर करून मी सगळी वाळू चाळली. रिकामे शंख मिळाले, नाणं नाही.

शेवटी मागच्या कप्प्यातला स्पंज धुवायला काढला. त्याच्या घडीत एक पान अडकलं होतं. काळपटलेलं, मऊ पडलेलं, पण कडा कातरलेल्या. मी ते नाकाशी नेलं. खाऱ्या वासाखाली तुळस होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेलो. ओट्याच्या कोपऱ्यात आमच्या आईची तांब्याची कळशी होती, चिंचेने घासून लख्ख केलेली. अक्काने वरची ताटली काढली, आतून तुळशीचं पान बोटाने बाजूला केलं, कळशी उचलली आणि टाकीकडे चालायला लागली. चालताना ओठ हलत होते.

"अक्का, थांब. हे पाणी कुठलं?"

"तुझ्याच कॅनमधलं." ती थांबली, पण कळशी खाली ठेवली नाही. "रात्री भरून ठेवते. प्लास्टिकच्या डब्यातलं शिळं पाणी, तंबी, कुत्र्यालासुद्धा घालू नये. तांब्यात राहिलं की शुद्ध होतं. तुळशीला नाही का आपण कळशीनेच घालत?"

"आणि ओठ कशाला हलवत होतीस?"

ती टाकीकडे बघत राहिली. मग चिडल्यासारखी म्हणाली, "तू नदीवर गेलास, तीळ घेतलेस, पाणी सोडलंस. तुझा हक्क. बायकांना कुठे आहे? माझ्यापेक्षा किती लहान होती ती. मला दुखलंखुपलं की बस धरून यायची. मी तिला पाणी द्यायचं नाही? कुठे द्यायचं? तुळस आपल्या आईची. हे झाड तिचं."

इतके दिवस मी या टाकीत मीठ, चुना, उष्णता मोजत होतो, आणि रोज सकाळी, मी वर्तमानपत्र उघडत असताना, माझ्या पाठीमागे कुणीतरी इथे तर्पण करत होतं. पुरोहिताशिवाय, मंत्राशिवाय, आईच्या कळशीने. जे मारत होतं ते हेच होतं. आरओचं पाणी म्हणजे काहीच नसलेलं, उपाशी पाणी. ते रात्रभर तांब्यात राहिलं की तांबं ओढून घेतं. टाकीतून पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं. रोज थोडं, रोज थोडं, साचत जातं. हे कसं सांगायचं असतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं.

"तांब्याने कुणी मरतं होय?" ती म्हणाली. "आपली सगळी पिढी तांब्याचं पाणी पिऊन वाढली."

"आपल्याला कणा आहे. त्यांना नाही."

"काहीतरी वाचतोस आणि मला शिकवतोस. दाखव."

मी दोन नळ्या आणल्या. एकीत कॅनमधलं पाणी, दुसरीत कळशीतलं. दोन्हींत थेंब टाकले. पहिली तशीच राहिली. दुसरी निळी झाली, टाकीच्या पाण्यापेक्षा कितीतरी गडद, सकाळच्या उन्हात सुंदर दिसणारी. अक्काने ती नळी हातात घेतली. मग कळशी जमिनीवर ठेवून तिथेच खाली बसली.

"आणि मी रोज म्हणत होते, पी बाई, पोटभर पी."

मी तिच्याजवळ बसलो. आम्ही दोघं म्हातारी माणसं टाकीच्या पायाशी बसलो होतो, डोक्यावर पंपाची घरघर, आणि वर ती मासळ्यांची जोडी भांडत होती. तिनेच पुढे नळी माझ्या हातात दिली.

"मग कशात देऊ?"

देऊ नको, असं ती ऐकणार नव्हती आणि मलाही ते म्हणायचं नव्हतं. आम्ही मांडणीवरची भांडी काढून पाहिली. पितळ नको, त्यात तांबंच. कांसंही नको. चांदीच्या पेल्याची मला खात्री नव्हती. स्टील मी चालेल म्हटलं, पण तिनेच नाक मुरडलं, "हॉटेलासारखं." सर्वांत मागे लोणच्याची चिनी मातीची जाडी, म्हणजे बरणी, होती, वरून तपकिरी, आतून पांढरी. तिच्यात तळाशी बायकोने घातलेल्या नारत्तंगाई या मोठ्या लिंबाच्या लोणच्याचा शेवटचा गाळ होता. अक्काने तो चमच्याने काढला, एका वाटीत घेतला. दुपारी ताकभाताबरोबर आम्ही तो संपवला. मग जाडी गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा धुतली. मी वास घेऊन पाहिला, तिने घेऊन पाहिला. लोणच्याचा वास उरला नव्हता.

पुढचं काम माझं होतं. नवं मीठपाणी कालवायचं, जुनं थोडं काढायचं, नवं घालायचं, एक दिवस सोडून पुन्हा. तांबं धरून ठेवणाऱ्या मण्यांची पिशवी आणि कोळशाची पिशवी मागच्या कप्प्यात. मणी हळूहळू निळसर पडत गेले, ते मी अक्काला दाखवायचो. ती जाडीतून पाणी घालायची. तुळशीचं पान आता पाण्यात नसायचं. जाडीच्या झाकणावर ठेवून ती ते टाकीपर्यंत आणायची आणि परत घेऊन जायची. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अप्पा, टाकी देऊन टाका कुणाला तरी. तुम्हाला झेपत नाही." अक्काने फोन माझ्या हातातून घेतला. "तुला झेपत नसेल. आम्ही दोघं आहोत," ती म्हणाली आणि फोन उलटा धरून बंद करायचं बटण शोधत राहिली.

प्रवाळ मिटलेलंच होतं. तपकिरी डाग पुढे सरकायचा थांबला, एवढंच. नळीतली निळी झाक आधी फिकी झाली, मग मला दिसेनाशी झाली. तरी ते मिटलेलं. मी रोज बघायचो आणि मग तिचं जुनं वाक्य आठवून नजर वळवायचो. जे मनात येऊ द्यायचं नव्हतं ते येऊ लागलं होतं, की उशीर झाला.

नवरात्र जवळ आलं. घरात दुखवट्याचं वर्ष, म्हणून कोलू मांडायचा नव्हता. पण बाहुल्या पेटीतून काढून, पुसून, परत ठेवाव्या असं अक्का म्हणाली, त्यांना बुरशी लागते. ती समोरच्या भिंतीशी बसून एकेक बाहुली पुसत होती, मान डोलावणारी नर्तकी जमिनीवर ठेवत होती. खिडकीतून ऊन टाकीवर आलं होतं.

"तंबी," ती म्हणाली. "ते सोलतंय."

टोपीवरचा पापुद्रा एका बाजूने सुटला होता आणि ओल्या कागदासारखा झोतात फडफडत होता. आम्ही हलल्याने काही बिघडेल असं वाटून दोघंही जागच्या जागी राहिलो. पापुद्रा निघाला, वर तरंगत गेला, मागच्या कप्प्याच्या जाळीला चिकटला. त्याखालची टोपी नव्या कातडीसारखी फिकी, गुळगुळीत होती. आणि तिच्यावर, कापलेल्या कडेपासून दूर, एका जागी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके वर आले. संध्याकाळपर्यंत त्यांची फुलं झाली. दुसऱ्या दिवशी अर्धी टोपी भरली.

मी माझं कागदपत्रांचं भिंग आणलं. तोवर मी ते कधी तिकडे धरलं नव्हतं. काचेला डोळा लावून पाहिलं तर प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या होत्या, आणि प्रत्येक पाकळी पिसासारखी, दोन्ही बाजूंनी दातेरी. मी मोजलेल्या सगळ्यांना आठ. शेजारच्यालाही आठ. ब्लेडने कापलेल्या, सडलेल्या, निळं पाणी प्यायलेल्या त्या अंगातून प्रत्येकाने न चुकता आठच हात काढले होते. त्यांना कुणी सांगितलं? मोजायला त्यांच्यात कोण आहे? चाळीस वर्षं मी माणसांनी लिहून ठेवलेलं वाचलं, त्यात मला असं काही भेटलं नव्हतं. माझ्या श्वासाची वाफ काचेवर धरली आणि दिसेनासं झालं. पुसून पुन्हा पाहिलं.

"मला दे," अक्का म्हणाली.

तिने चष्म्यावरच भिंग धरलं. ओठ हलत होते. ती मोजत होती. मग तिने भिंग खाली घेतलं, बाहुल्या पुसायचं फडकं खांद्यावरून काढून बाजूला ठेवलं आणि हात जोडले.

"अष्टभुजा आहे रे," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्या."

त्याच दिवशी मागची कपार साफ करताना मला खड्यांमध्ये ते दिसलं. कापताना चुकून आलेला, मी टाकू न शकलेला तुकडा. तो खड्याला चिकटला होता. नखाएवढा होता, मळकट पिवळा, आणि त्याच्या माथ्यावर तीन फुलं उघडी होती. मी अक्काला हाक मारली नाही लगेच. थोडा वेळ एकट्याने पाहिलं.

सकाळी ती जाडी घेऊन येते तेव्हा आता मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठतो. जाडी जड आहे, भरली की तिला एकटीला पेलत नाही. एका बाजूने ती धरते, एका बाजूने मी. पाणी खुणेपर्यंत येतं. ती तिचं म्हणणं म्हणते, मोठ्याने, लपवत नाही. मी जाडी धरून ठेवतो.